खाली मऊ गवत असतं

खैरुद्दीनने गाडीचा तुटका लोखंडी पाटा दोन्ही हातांनी उचलला आणि थेट नातीच्या लॅपटॉपवर ठेवायला निघाला. यम्नाने लॅपटॉप वेळेवर ओढला म्हणून वाचला. पाटा शेजारच्या स्टुलावर आदळला आणि स्टुलावरच्या कागदी कपातला सुलेमानी चहा जमिनीवर सांडला.

"हा बघ न्गोरोंगोरो," तो म्हणाला.

"दादा! धिस इज स्क्रॅप."

"स्क्रॅप काय गो? लँड क्रूझरच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा आहे. त्या विवरात उतरायचा रस्ता केवढा उभा आहे, ते तुझा गूगल तुला मीटरमध्ये सांगेल. हा कसा सांगतोय बघ. मधोमध, एका घावात. विचार मोलेलला."

मोलेल समोर एका जुन्या टायरवर बसला होता. टांझानियातल्या अरुशा गावी त्याच्या सफारीच्या गाड्या होत्या. गाडीचं काही मोडलं की तो मोडका तुकडा टॉवेलात गुंडाळायचा, बॅगेत घालायचा आणि शारजाला यायचा. तुकडा समोर ठेवला की भाषेची भानगड उरत नाही. त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि लोखंड जास्त, त्यामुळे तो बसतो त्या बाजूला विमान कलतं, असं खैरुद्दीन सगळ्यांना सांगे. मोलेलला मराठी येत नव्हती, पण आपलं नाव ऐकलं की तो मान डोलवायचा.

"खैरू भाई सच बोलता," तो आताही म्हणाला. "हंड्रेड परसेंट."

यम्ना नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून दुबई मरीनातल्या एका ट्रॅव्हल कंपनीत शिकाऊ म्हणून लागली होती. उद्यापर्यंत तिला टांझानियातल्या न्गोरोंगोरो ह्या ज्वालामुखीच्या विवरावर एक पान लिहून द्यायचं होतं, तिथे जाणाऱ्या प्रवाशांना माहीत नसलेल्या गमतीच्या गोष्टींचं. गूगलवरच्या गोष्टी गूगलवाल्या सगळ्यांनाच माहीत. म्हणून ती अर्ध्या दिवसाची सुटी काढून आजोबांच्या दुकानात आली होती. आजोबांना ती दादा म्हणे आणि आजीला दादी.

शारजाच्या औद्योगिक भागातली ती गल्ली अशी, की माणूस एका टोकाने आरसा घ्यायला शिरला तर दुसऱ्या टोकाने अख्खी गाडी चालवत बाहेर पडतो. खैरुद्दीन परकार बाणकोटहून तिथे तरुणपणी आला आणि तिथलाच होऊन बसला. जुन्या गाड्यांचे काढलेले भाग तो आफ्रिकेच्या व्यापाऱ्यांना विकायचा. स्वतः आफ्रिकेला कधी गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्याने कुणापासून लपवलीही नव्हती. "जाऊन आलेली माणसं फार थापा मारतात," तो म्हणे. "न गेलेल्याला निदान विचार करून बोलावं लागतं."

"ओके, स्टार्ट," यम्ना म्हणाली. "पण मी एकेक चेक करणार. ट्रू असेल तरच ग्रीन टिक."

"चालणारी वाळू लिही. विवरातून पुढे सेरेंगेटीकडे जाताना लागते. काळी टेकडी, चंद्रकोरीसारखी. दर वर्षी पंधरा-सतरा मीटर पुढे सरकते. अख्खीच्या अख्खी. मागे काही ठेवत नाही."

"दादा, प्लीज. खरं सांगा ना."

"हे खरं आहे."

काउंटरमागून अलीमियाँने मान वर केली. तो खैरुद्दीनचा भागीदार. दुकान आता खरं म्हणजे तोच बघत होता, खैरुद्दीन गिऱ्हाइकांशी बोलत असे. "यम्ना, एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "तुझा दादा हसत हसत सांगतो ते खरं असतं. तोंड गंभीर केलंन, की समज, गेली गाडी खड्ड्यात."

यम्नाने फोनवर बोटं फिरवली. मग तिचा वेग मंदावला. "ज्वालामुखीची राख... मॅग्नेटिक आहे, म्हणून एकमेकांना चिकटून राहते... वाऱ्याने पुढे..." तिने नाइलाजाने हिरवी खूण केली. "हाऊ इज धिस ट्रू?"

"वाळूला व्हिसा लागत नाही गो."

मोलेलने तेवढ्यात हात वर करून काहीतरी सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. विवराच्या तळाला मुक्काम करता येत नाही. सगळ्या गाड्या संध्याकाळी सहाच्या आत वर यायला हव्यात.

"बघ, म्हणजे आत माणसं सगळी व्हिजिटवर," खैरुद्दीन म्हणाला. "रेसिडन्स फक्त जनावरांना. आणि तुझ्या त्या मरीनाच्या लोकांना सांग, अर्ध्या चड्डीत जाऊ नका. आफ्रिका म्हणजे ऊन, असं वाटतं लोकांना. पण विवराच्या काठावर पहाटे दात वाजतात. मी गेलो तर काढून खिशात ठेवावे लागतील, नाहीतर सगळ्या हॉटेलाला जाग यायची."

यम्ना हसत हसत लिहीत होती. "आणखी."

"जिराफ. विवरात सिंह आहेत, गेंडे आहेत, पाणघोडे आहेत. जिराफ नाही."

"एकपण नाही?"

खैरुद्दीनने तोंड गंभीर केलं. "एकदा एक निघाला होता. मान सोमवारी तळाला पोचली. पाय पोचायला गुरुवार—"

तो थांबला.

मोलेल पुढचं ऐकायला थांबला होता. अलीमियाँने मान खाली घातली आणि उगाच एक बोल्ट फडक्याने पुसायला घेतला.

"गुरुवार उजाडला," खैरुद्दीनने कसंबसं वाक्य पुरं केलं, पण त्यात दम नव्हता. यम्नाने फोनमध्ये बघितलं आणि हळू आवाजात वाचलं, "भिंती फार उभ्या आहेत. आणि खाली हवी तशी झाडं नाहीत. ट्रू." तिने खूण केली. सोमवार-गुरुवारबद्दल तिने काही विचारलं नाही.

त्याच्या बायकोचं, बदरुन्निसाचं, गावी परतायचं विमान गुरुवारी होतं.

ती दोन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आली होती, यम्नाच्या पदवीदान समारंभासाठी. आता व्हिसा संपत आला होता. मुलाने, तहाने, तिला ठेवून घ्यायचं ठरवलं होतं. तिने हो म्हणायचा अवकाश, तो रेसिडन्स व्हिसाचे कागद सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला नेऊन देणार होता. तिने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तहाने विचारलं की ती एवढंच म्हणे, "तुझे अब्बा काय म्हणतात?"

आणि अब्बा काही म्हणत नव्हते.

खैरुद्दीनचा फोन वाजला. तहाच होता.

"अब्बा, विचारलंत?"

"दुकानात गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक कसलं, मोलेल अंकल असतील. अब्बा, परवा गुरुवार. उद्या ऑफिसात माझी ऑडिटची मीटिंग आहे, मला आज काय ते कळायला हवं. सिंपल क्वेश्चन आहे. राहतेस का? दोन शब्द. खलास."

"विचारतो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको अब्बा. आज."

आता कुणी म्हणेल, ज्या माणसाने विमान कलवलं, जिराफाची मान चार दिवस लोंबकळत ठेवली, त्याला दोन शब्द जड का जावेत? तर त्याचं कारण कॅसेट.

खैरुद्दीन पहिल्यांदा आला तेव्हा फोन महाग होता आणि बाणकोटच्या त्यांच्या आळीत तो नव्हताच. पत्रं होती, पण त्याच्या आईला आवाज हवा होता. म्हणून तो कॅसेट भरायचा. गावी जाणाऱ्या कुणाच्याही सामानात साबण, टाल्कम पावडर आणि एक कॅसेट जायची. भरायची कुठे, तर खोलीत. खोलीत आठजण. टेपरेकॉर्डर एकच. एकजण बोलायला बसला की बाकीचे सातजण बोलणं थांबवून ऐकत आणि मधेमधे आठवण करून देत: अरे, छपराचं विचार. अरे, चाचांना सलाम सांग. तिकडे बाणकोटला ती कॅसेट ओटीवर लागायची. पुढे आई, मागे जावा, त्यांच्या मागे आळीतल्या बायका, पोरं, आणि कोळीण टोपली घेऊन आली असेल तर तीसुद्धा टोपली उतरवून बसायची. गल्फची कॅसेट ही सगळ्यांचीच असायची.

अशा मैफिलीत नव्या नवऱ्याने नव्या बायकोशी काय बोलावं? एकदाच त्याने म्हटलं होतं, "बदरू, तू कशी आहेस?" तर इकडे खोलीत शिट्ट्या झाल्या आणि तिकडे ओटीवर, असं नंतर कळलं, सगळ्या बायकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती उठून आत गेली आणि चूल पेटलेली असताना पुन्हा पेटवत बसली.

त्यानंतर खैरुद्दीन जनावरांबद्दल बोलू लागला. आफ्रिकेची गिऱ्हाइकं त्याला रोज काहीतरी सांगायची. फ्लेमिंगोचं पिल्लू राखाडी असतं आणि खातं त्याने गुलाबी होतं, हे सगळ्यांसमोर बोलायला काही हरकत नव्हती. सिंह दिवसातला बहुतेक वेळ झोपून काढतो, ह्यालाही नव्हती. ओटी खूश. आणि महिन्या-दीड महिन्याने तिकडून कॅसेट यायची. तिच्यात बकरी व्यायली, सासूचा खोकला, कौलं बदलली, असं सगळं सांगून झालं की शेवटी बदरुन्निसाचा आवाज यायचा. "सिंह झोपतो म्हणता, मग शिकार कोण करतं?"

"सिंहीण," त्याने पुढच्या कॅसेटवर सांगितलं. ओटीवर बायका एवढ्या हसल्या, की नवी कौलं पुन्हा बदलावी लागली.

"आणि पोरं कोण सांभाळतं?"

"तीच. सिंहीण."

त्यानंतरच्या कॅसेटवर ती काही बोलली नाही. बकरी बरी आहे, एवढंच.

मग आई गेली. फोन आला, मोबाइल आला, चेहरा दिसणारा फोन आला. तरी पलीकडे कुणीतरी असायचंच, कधी पुतण्या, कधी शेजारीण, कधी फोन धरून उभी असलेली भाची. नवरा-बायकोचं बोलणं जनावरांवर बसलं ते बसलं. दोन वर्षांतून एकदा तो पेट्या घेऊन जायचा, दीड महिना राहायचा, त्यातला निम्मा लोकांच्या भेटीगाठीत जायचा. तहा मोठा झाला, शिकला, इकडे आला. बदरुन्निसा तिकडेच राहिली. घर बंद ठेवायचं कसं, हे कारण होतं. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी यम्नाने आजोबांना गाडीतून घरी आणलं. पूर्ण रस्ता खैरुद्दीन ओठ हलवत होता.

"आर यू प्रेयिंग, दादा?"

"घोळवतोय."

"काय?"

"काही नाही. बघ समोर, ट्रॅफिक आहे."

अल नहदातल्या फ्लॅटमध्ये बदरुन्निसा स्वयंपाकघरात होती. सून नबिला हॉस्पिटलात ड्युटीवर होती, तहा यायचा होता. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती आणि ओट्याखाली एक बुटका लाकडी पाट. दोन्ही खैरुद्दीनने गेल्या दोन महिन्यांत आणले होते, आणि आणून ठेवण्याशिवाय काही बोलला नव्हता. तीही काही बोलली नव्हती. पाटावर बसायची आणि कुंडीला पाणी घालायची.

"नारळ आणला खालून," ती म्हणाली. "पाच दिरहम. म्हणजे सव्वाशे रुपये धरा. एवढासा नारळ! आपल्या परसात पडून कुजतात ते." मग यम्नाकडे वळली. "झालं का गो तुझं आफ्रिकेचं?"

"ऑल्मोस्ट, दादी. तुम्हाला वाचून दाखवते. न्गोरोंगोरो नाव कशावरून आलं, सांगा."

"मला काय माहीत बाय. मोहल्ल्याचं नाव कशावरून ते विचार."

"गाईच्या गळ्यातल्या घंटेवरून. तिथल्या मसाई लोकांना घंटेचा आवाज न्गोरो-न्गोरो असा ऐकू येतो."

बदरुन्निसाने ताटं मांडली. "आमच्या गाईची घंटा निराळीच बोलायची," ती म्हणाली. "संध्याकाळी परत येताना. कुठे गेलास, कुठे गेलास."

यम्ना खळखळून हसली. खैरुद्दीनही हसला, जरा उशिरा.

तिघं जेवायला बसली. भात, सुरमईचं सार, कोकम. खैरुद्दीनने सवयीने दात काढून पाण्याच्या वाटीत ठेवले. आताचे नवे दात त्याला फक्त बोलण्यासाठी चालत, खाण्यासाठी नाही. बदरुन्निसाने न सांगता त्याचा भात सारात कालवून बोटांनी मऊ केला आणि त्याच्याकडे सरकवला.

"लास्ट वन राहिलं," यम्ना डाव्या हाताने फोन धरून म्हणाली. "मोलेल अंकलनी सांगितलं. विवराच्या तळाला दिसणारे हत्ती बहुतेक सगळे म्हातारे नर असतात. मोठ्या मोठ्या सुळ्यांचे. मी चेक केलं. ट्रू."

"म्हातारेच का?" बदरुन्निसाने विचारलं.

"दातांमुळे," खैरुद्दीन बोळक्या तोंडाने म्हणाला. "हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात. एक झिजली की मागून दुसरी. शेवटच्या झिजल्या की संपलं. साल, फांद्या चाववत नाहीत. मग तो खाली उतरतो. तळाला दलदल आहे, तिथे मऊ गवत असतं."

"आणि हत्तिणी?"

यम्नाने फोन वरखाली केला. "फीमेल्स मोस्टली वरच राहतात, दादी. काठावरच्या जंगलात, बच्च्यांना घेऊन. खाली त्यांच्यापुरतं खायला नाही." तेवढ्यात फोन तिच्या हातातच वाजला. "ऑफिस. सॉरी, दोन मिनिटं." ती ताटावरून उठली, हात धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

दार लागल्यावर स्वयंपाकघर एकदम मोठं झालं.

खैरुद्दीनने मीठ घेतलं. भातात मीठ होतं. त्याने भात एकीकडे सारला, परत जागेवर आणला. पलीकडे कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, शिट्टी घालायला कुणी नव्हतं. दोन शब्द तयार होते. गाडीत घोळवून घोळवून ते गुळगुळीत झाले होते. त्याने तोंड उघडलं.

"खाली उतरलेले हत्ती परत वर येतात का?" बदरुन्निसाने विचारलं. ती ताटातल्या तुकडीचे काटे काढत होती. वर पाहत नव्हती.

"येतात की. भिंतीवर त्यांच्या पायवाटा आहेत. मोलेलने पाहिल्यात."

"म्हणजे वाट माहीत आहे त्यांना."

"हत्ती कधी वाट विसरतो?"

"मग राहतात का खाली?"

"सांगितलं ना. खाली मऊ गवत असतं."

तिने काटे काढलेली तुकडी उचलून त्याच्या भातावर ठेवली.

"वर मऊ काही शिजत नाही, असं कुणी सांगितलं त्यांना?"

खैरुद्दीनच्या जिभेवर थापा आल्या. नाही आल्या असं नाही. एक म्हातारा हत्ती वर निघाला होता पण वाटेत गुडघ्याचा बुश गेला आणि तो शारजाहून पार्ट यायची वाट बघत बसला, ही तर तयार होती, नुसती दात लावून बोलायची. त्याने पाण्याच्या वाटीकडे पाहिलं. दात तिथे स्वस्थ पडून होते. त्याने ते उचलले नाहीत.

घोळवून आणलेले दोन शब्द आता कुठे बसेनात. एका गाडीचा भाग दुसऱ्या मॉडेलला लावायला जावं, आणि तो सगळीकडून बरोबर दिसावा, फक्त भोकं जुळू नयेत, तसं झालं. तो दोन महिने चुकीचा प्रश्न घेऊन फिरत होता. कुंडी आणली, पाट आणला. ती पाणी घालत राहिली आणि वाट बघत राहिली, की ह्या माणसाच्या कधी लक्षात येतंय.

"दुकान," तो म्हणाला.

"अलीमियाँ आहेत."

"मोलेल येतो. त्याला—"

"त्यांना म्हणावं, मे महिन्यात या. आंबे असतात."

"पोरं इकडे. यम्ना इकडे."

"येतील." तिने स्वतःसाठी भात घेतला. "तुम्ही यायचात तशी येतील. दोन वर्षांनी, पेट्या घेऊन. आपण दोघं दारात उभी राहू."

आपण दोघं, हे शब्द तिने फार हळू म्हटले, जसे काही ओटीवर अजून कुणी बसलं असेल.

खैरुद्दीनने तिने ठेवलेली तुकडी खाल्ली. सावकाश, हिरड्यांनी. भात संपवला. बोटं धुऊन लुंगीला पुसली आणि फोन उचलला. तहाचा नंबर लावला.

"अब्बा, मी अजून इत्तिहाद रोडवरच आहे," तहाचा आवाज आला. "हलत नाहीये काही. बोला. विचारलंत? काय म्हणाली अम्मी?"

"मी नाही विचारलं. तिनंच विचारलं."

"म्हणजे? राहणार आहे ना? तिकीट कॅन्सल करू ना?"

"तिकीट असू दे. तिच्या शेजारची सीट रिकामी आहे का, बघ."

फोनमधून कुणाचा तरी हॉर्न आला.

"अब्बा," तहा म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "सहा महिन्यांवर बाहेर राहिलात तर तुमचा रेसिडन्स जातो. माहीत आहे ना? ह्या वयात परत—"

"माहीत आहे."

"मग रिटर्न कधीचं काढू?"

खैरुद्दीनने फोन छातीशी धरला. बदरुन्निसा उठून नळाशी गेली होती आणि पाठमोरी उभी राहून पाण्याचा जग भरत होती.

"रिटर्न कधीचं, विचारतोय."

"तुम्हाला विचारतोय," ती म्हणाली.

ती वळली नाही. जग भरला, काठावरून पाणी वाहू लागलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, तरी तिने नळ बंद केला नाही.

खैरुद्दीनने फोन पुन्हा कानाला लावला.

"खिडकीची सीट तिला दे," तो म्हणाला. "बाकीचं बाणकोटला पोचलो की कळवतो."